लेन्सचा दोष

एकटोचीच्या मते सगळा दोष लेन्सचा होता.

आधी तिच्या नावाचं सांगून टाकलेलं बरं. ती नर्स. तिची सगळी नोकरी तान्ह्या बाळांच्या वॉर्डात गेली. ज्या बाळाची शीर कुणालाच सापडत नाही, त्याची शीर तिला एका टोचणीत सापडते अशी तिची ख्याती होती. शीर म्हणजे दोऱ्याएवढी, तीही गुबगुबीत कातडीखाली लपलेली आणि रडून लालबुंद झालेल्या हातातली. तरणे डॉक्टर दोनदा प्रयत्न करून घामाघूम व्हायचे आणि मग हळूच म्हणायचे, "जरा एकटोचीला बोलवा." हे नाव कुणी पाडलं ते आता कुणाला आठवत नाही. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत, पाठीमागे एकटोची. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचं नाव तिला जास्त आवडायचं.

सुट्टीच्या दिवशी ही बाई बाल्कनीतल्या कुंड्यांपुढे उकिडवी बसून किड्यामुंग्यांचे फोटो काढायची. छंद म्हणा, वेड म्हणा. मुंगीच्या मिशा, माशीच्या डोळ्यातली जाळी, मिरचीच्या पानाखाली चिकटलेला हिरवा मावा आणि त्याची राखण करत फिरणाऱ्या मुंग्या. नखाएवढा जीव भिंतभर मोठा करून बघायचा तर त्याला वेगळी लेन्स लागते, तिला मॅक्रो लेन्स म्हणतात. एकटोचीची मॅक्रो लेन्स जुनी होती, बुटकी होती, आणि मुंगीच्या नाकाशी नेल्याशिवाय तिला काही दिसायचं नाही. इतकं जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली मुंगीवर पडायची. मुंगी शहाणी, ती पळून जायची.

तरी इतकी वर्षं त्या लेन्सवर निभावलं होतं. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, श्वास अर्धा सोडून धरून ठेवायचा, अंग केसभर पुढे, केसभर मागे झुलवायचं आणि मुंगीचा डोळा लख्ख दिसला की त्याच क्षणी बटण दाबायचं. स्टँड तिला चालत नसे. "मुंगी काय मी स्टँड लावेपर्यंत पोज देऊन थांबणार आहे?" असं ती विचारायची. जे लोक हातात कॅमेरा धरून असे फोटो काढत नाहीत, त्यांच्याकडे ती वॉर्डातल्या नवख्या डॉक्टरांकडे बघावं तसं बघायची.

पण गेले काही महिने फोटो बिघडत होते. मुंगी मुंगीच दिसायची, पण तिच्या पायावरचे जे केस पूर्वी एकेक वेगळे दिसायचे ते आता धूसर झाले होते. डोळा साबण लावल्यासारखा दिसायचा. पूर्वी मूठभर फोटो काढले की निम्मे ठेवण्याजोगे निघत. आता टोपलीभर काढावेत तेव्हा कुठे एखादा बरा.

तिने लेन्स पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसली. मग कुठेतरी वाचलं की फार पुसू नये, काचेवरचा लेप जातो. तो लेप आपणच घालवला की काय, या काळजीने तिला जेवण गोड लागेना. आणखी कुठेतरी वाचलं की लेन्सच्या आत बुरशी धरते. झालं, टॉर्च घेऊन आत डोकावत बसली. बुरशी नव्हती. धुळीचा एक कण होता, त्या बिचाऱ्यावर तिने बरेच दिवस राग काढला.

तिचा नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणा दुकानातले, गोदामातले, सोनारांकडचे, औषधवाल्यांकडचे. पितळी वजनांची एक पेटी घेऊन तो गावभर फिरायचा आणि कुणाचा काटा खरं बोलतो, कुणाचा खोटं, ते सांगायचा. माणूस शांत, पण टोमणा मारायची संधी आली तर सोडत नसे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," एकदा तो चहात बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला.

"अहो, याच अंगणात मी एवढी वर्षं नाचलेय," ती म्हणाली. "अंगणच झिजलंय."

"मग नवं घे."

"घेईन."

"घे की. मी कुठं नको म्हणतोय?"

"घेईनच."

पण घेतलं काही नाही. नव्या लेन्सचा विचार सकाळी पक्का व्हायचा आणि दुपारी डळमळायचा. कामावरून येताना ती मुद्दाम कॅमेऱ्याच्या दुकानावरून यायची, काचेपलीकडे उभ्या असलेल्या त्या लांबट काळ्या लेन्सकडे बघायची आणि आत न जाता पुढे निघायची. घरी येऊन पुन्हा लोकांची मतं वाचत बसायची. एक जण लिहायचा, नवी घेतल्यापासून आयुष्य बदललं. दुसरा म्हणायचा, जुनीत आणि हिच्यात तिळाचा फरक नाही, पैसे झाडाला लागतात का? एकटोचीला दोघांचंही पटायचं. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून ती मोबाइल उचलायची, पलंगावर बसायची, उठायची, बाल्कनीत जाऊन कुंड्या उगाच इकडच्या तिकडे करायची. नवरा म्हणाला, "त्या रोपांना एका जागी जरा मूळ तरी धरू दे."

नवी लेन्स कशासाठी हवी, याची तिच्याकडे कारणं तयार होती. ती लांब असते, म्हणून मुंगीपासून वीतभर अंतरावर थांबता येतं. सावली पडत नाही. काच जास्त चांगली. शिवाय तिच्यात हात सावरायची सोय होती, म्हणजे फोटो काढणाऱ्याचा हात हलला तर आतली काच उलट्या बाजूला हलून चित्र जागेवर धरून ठेवते. पण हे कारण एकटोची मोजतच नसे. ते ज्यांचे हात हलतात त्यांच्यासाठी.

त्याच सुमारास वॉर्डात सुयांचा नवा माल आला. एका अशक्त बाळाला सलाईन लावायचं होतं. एकटोचीने नेहमीसारखी त्याच्या इवल्या तळहाताखाली टॉर्च धरली, उजेडात शीर दिसली, तिने सुई घातली आणि शीर सुटली. दुसऱ्यांदा टोचलं, तेव्हा सुई शिरेच्या आरपार गेली. तिसऱ्यांदा कशीबशी लागली. बाळ इतकं रडलं की शेवटी त्याच्या तोंडातून आवाजच निघेना. एकटोची तडक स्टोअरमध्ये गेली आणि तिथल्या माणसाला तिने फैलावर घेतलं. "या सुया आहेत का दाभण? बोथट माल उचलून आणता आणि आम्ही बाळांना भोसकत बसायचं?" त्याने निमूटपणे जुन्या मालातली खोकी काढून दिली.

जुन्या मालातल्या सुईनेही पुढच्या आठवड्यात एकदा चूक झाली. तेव्हा बाळ फारच सुकलेलं होतं, असं सगळ्यांचं मत पडलं. तिचंही पडलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "अहो, एखाद्या वेळी होतं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" कुणी तिला दोष दिला नाही. दोष द्यायचं कुणाच्या मनातच येत नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना मात्र ती कॅमेऱ्याच्या दुकानात शिरली.

दुकानदार बोलका होता. त्याने लेन्स तिच्या हातात दिली आणि गुण गायला सुरुवात केली. ती ऐकत होती आणि काचेच्या कपाटावर टेकलेलं आपलं कोपर हलू देत नव्हती. किंमत तिला आधीच पाठ होती, पण समोर ऐकल्यावर तिने लेन्स हळूच कपाटावर ठेवली.

"ताई, तुम्ही फार दिवस बाहेरूनच बघून जाता," दुकानदार म्हणाला. "घाई करू नका. शनिवार-रविवार भाड्याने घरी न्या, वापरून बघा. आवडली तर भाडं किमतीतून वजा करतो. नाही आवडली तर सोमवारी आणून द्या."

हे तिला पटलं. आता कुणाचं मत वाचायला नको होतं, आता डोळ्यांनी बघायचं.

शनिवारी सकाळी ऊन बाल्कनीत आल्याबरोबर ती कामाला लागली. तीच कुंडी, तीच मिरची, त्याच मुंग्या. तिने कोपरं बरगड्यांना लावली, श्वास अर्धा सोडला आणि बटण दाबत गेली. मग आत येऊन फोटो मोठे करून बघितले आणि बघतच राहिली. मुंगीच्या पायावरचा केस न् केस वेगळा होता. माव्याच्या पाठीवर मधासारखा एक थेंब होता आणि त्या थेंबात खिडकीची चौकट दिसत होती. एक नाही, दोन नाही, जवळजवळ सगळे फोटो असेच.

"अहो, इकडे या," तिने हाक मारली. "आधी या, मग दाढी करा."

नवरा अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून आला. तिने एकेक फोटो दाखवला. शेजारी जुन्या लेन्सचे फोटो ठेवून पुन्हा दाखवले.

"बघा. म्हटलं नव्हतं? अंगणच वाकडं होतं."

"होतं बुवा," नवरा म्हणाला. "हरलो मी."

त्या दिवशी ती किती हलकी झाली होती म्हणून सांगावं. कित्येक आठवड्यांनी तिला दुपारी झोप लागली. उठल्यावर तिने स्वतःसाठी आलं घालून चहा केला आणि तो पिता पिता तिच्या मनात जे आलं ते लेन्सबद्दल नव्हतंच. लेन्सचा दोष होता, म्हणजे सुयांचाही होता. बाळ सुकलेलं होतं, म्हणजे होतंच. हात तोच होता, पूर्वीचा, नाव कमावलेला. इतके दिवस ती दुकानाच्या काचेसमोर जी उभी राहात होती, ती एवढं एक वाक्य ऐकायला. लेन्स विकत घ्यायची, हे तिने चहा संपायच्या आत ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी नवऱ्याने ती लेन्स हातात घेतली. दुसऱ्याच्या घरातलं घड्याळसुद्धा उलटं करून बघायची त्याची सवय. त्याने तिचं वजन अजमावलं, कडी फिरवून बघितली आणि बाजूच्या एका बारीक बटणावर त्याचा अंगठा थांबला.

"हे कशाचं?"

"हात हलला तर सावरायचं," ती म्हणाली. "राहू दे तसंच."

"काल चालू होतं?"

"असेल. दुकानातून आली तशीच लावली मी."

"मग काल तू दोन गोष्टी एकदम बदललीस," नवरा म्हणाला. तो काही शोधायला निघाला नव्हता. बोलण्याच्या ओघात बोलत होता, धंद्यातलं. "लेन्सही बदलली आणि हेही आलं. फरक कशानं पडला ते कळणार कसं? काट्याची तक्रार आली की मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आधी वजन बदलतो. मग पारडी अदलाबदल करतो. शेवटी काटाच उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवतो."

"फोटो म्हणजे काय तुमचे साखर-तांदूळ आहेत?"

"नाहीत. मी आपलं सांगितलं."

तो पेपर वाचायला गेला. एकटोचीने गादीवरची चादर नीट केली, ती नीटच होती. नळाखाली एक धुतलेला पेला पुन्हा धुतला. मग लेन्सजवळ आली आणि परत गेली. बटण बंद करून बघायला काय हरकत आहे, असं तिचं एक मन म्हणत होतं, आणि दुसरं म्हणत होतं, कशाला? छान फोटो आलेत, घ्यायची ठरली आहे, विषय संपला. विषय संपलेला असता तर ती अशी घरभर फिरली नसती. मनात पाल चुकचुकल्याशिवाय माणूस धुतलेला पेला परत धूत नाही.

शेवटी तिने मिरचीचं एक पान देठासकट तोडलं. त्याच्या मागे मावा जागचा न हलता चिकटून होता. वाऱ्याचा प्रश्न नको म्हणून ते पान आत आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. नव्या लेन्सने, बटण चालू ठेवून, फोटो काढले. मग अंगठ्याने बटण बंद केलं. कोपरं बरगड्यांना, श्वास अर्धा बाहेर. तेच पान, तीच लेन्स, तेच ऊन.

बंद बटणाचे फोटो धूसर होते. एकूण एक. मावा साबण लावल्यासारखा दिसत होता.

नवरा केव्हा मागे येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही. त्याने फोटो बघितले आणि हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. एरवी त्याने टोमणा मारला असता. आज मारला नाही, यावरूनच तिला काय ते कळलं.

"जुनी आणा," ती म्हणाली. "आणि जाडजूड पुस्तकं आणा, असतील तेवढी."

तिने पुस्तकांची चवड रचून जुनी लेन्स लावलेला कॅमेरा त्यावर ठेवला, पानाच्या नाकाशी नेला, टायमर लावला आणि हात काढून घेतला. दोघं मागे सरून उभी राहिली. कॅमेऱ्याने एकट्यानेच फोटो काढला. जन्मात पहिल्यांदा तिने स्टँडसारखं काही वापरलं होतं, आणि नाक मुरडावं असं काही त्यात नव्हतं.

फोटो लख्ख होता. माव्याच्या पाठीवरचा थेंब, पायाचे सांधे, पानावरची लव, सगळं जिथल्या तिथे. बुरशी नाही, लेप गेलेला नाही, काही नाही. धुळीच्या त्या कणाचासुद्धा काही गुन्हा नव्हता.

"मी बोलायला नको होतं," नवरा म्हणाला.

"काट्यात काही निघालं नाही तर तुम्ही काय करता?"

"जाऊ दे ना."

"सांगा. काय करता?"

"खालचं टेबल बघतो," तो म्हणाला. "बऱ्याचदा टेबलच हलत असतं."

ती उठली. पुढे काय करायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने उजवा हात समोर ताठ धरला, बोटं पसरली आणि त्यांच्यावर एक कोरा कागद ठेवला. हाताकडे बघितलं तर काही दिसत नव्हतं. कागदाची कड मात्र थरथरत होती, बारीक आणि सारखी. तिने डाव्या हातावर ठेवून बघितला. तिथेही तेच, थोडं कमी. मग तिने कागद घडी करून टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. ती घाबरली होती. आजार काय असेल याची भीती तर होतीच, वयाने असेल, थायरॉईड असेल, आणखी काही असेल, त्याला डॉक्टर होते, तपासण्या होत्या. पण त्याहून मोठी भीती अशी की त्या तीन टोचण्या आता सुयांच्या राहिल्या नव्हत्या. त्या तिच्या होत्या. बाळाचा आवाज बसला होता, आणि ही बाई स्टोअरवाल्याशी भांडायला गेली होती.

"माझ्या मनात आलं होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी आलं होतं. मी येऊ दिलं नाही."

नवरा तिच्या शेजारी बसला. त्याला पुष्कळ बोलता आलं असतं, की एवढ्याने काय होतंय, की उगाच टोकाला जाऊ नको. पण खोट्या काट्याला खरा म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने तिचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला.

"उद्या सुट्टी घे," तो म्हणाला.

"आणि परवा?"



सोमवारी सकाळी ती डब्यात पोळी भरत असताना त्याने चाचरत विचारलं, "लेन्सचं काय करू? दुकान उघडलं की परत देऊन येतो."

"परत नका देऊ. पैसे भरून टाका."

"घ्यायची? म्हणजे, आता हे सगळं कळल्यावर?"

"आता कळलं म्हणूनच घ्यायची," ती म्हणाली. "मुंगीचा फोटो हलला तर कुणाचं काही बिघडत नाही. तिथं सावरणारं कुणी मिळतंय तर घेऊ की. बाळाच्या हाताशी मला कोण सावरणार आहे?"

वॉर्डात शिरल्याबरोबर ती मेट्रनबाईंच्या टेबलापाशी गेली. काय बोलायचं ते तिने वाटेत जुळवून ठेवलं होतं. पण बाई फोनवर होत्या, हाताने त्यांनी 'थांबा' अशी खूण केली, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाळण्याकडून हाक आली. "ताई, जरा येता का?"

हाक मारणारी सिस्टर अलीकडेच या वॉर्डात आली होती. मुलगी हुशार होती, पण तिचा हात अजून या कामात बसला नव्हता. पाळण्यात रात्रीच आलेलं एक बाळ होतं. तापाने मलूल झालेलं. रात्री तोंडाने दिलेलं औषध त्याने ओकून टाकलं होतं; आता ते शिरेतून द्यायचं होतं आणि वेळ काढून चालणार नव्हतं. जवळ बाळाची आजी उभी होती. एकटोचीला बघताच तिचा चेहरा उजळला.

"आल्या का? रात्रीपासून सगळे तुमचंच नाव घेतायत. म्हणाले, सकाळी ताई येतील, एकदाच टोचतील. बरं झालं हो आलात."

सिस्टरने सुईची पुडी एकटोचीपुढे केली. एकटोचीने बाळाच्या तळहाताखाली टॉर्च धरली. मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या वर, एक शीर चांगली दिसत होती. कदाचित जमेल, तिच्या मनात आलं. रोजच काही चुकत नाही. गेल्या आठवड्यात चारदोन बाळांना नीट लागली होतीच की. आज हात बरा वाटतोय. हे सगळं तिला एका दमात वाटून गेलं, आणि पुडी घेण्याकरता हात पुढे झालासुद्धा.

तो तिने मागे घेतला.

"तू टोच," ती सिस्टरला म्हणाली. "मी हात धरते."

"मी? पण ताई, तुम्ही असताना..."

"माझा हात थरथरतोय." हे तिने इतकं हळू सांगितलं की फक्त त्या मुलीलाच ऐकू गेलं. मुलीने तिच्याकडे बघितलं आणि ती पांढरी पडली. "घाबरू नकोस. तुझा थरथरत नाही ना? मग झालं. शीर इथे आहे, बघ. कातडी ताण. सुई आडवी धर, अजून आडवी. हं, आता जा."

सुई गेली. नळीत रक्त आलं नाही, म्हणजे शीर लागली नव्हती. बाळ किंचाळलं. सिस्टरने सुई जरा मागे घेतली, पुन्हा पुढे केली, पण शीर बाजूला सरकली होती. तिने बाहेर काढली तेव्हा कातडीखाली निळा डाग धरत होता.

"तुम्ही टोचा ना, बाई," आजी म्हणाली. "असं काय करता?"

ही चूक कुठे झाली ते एकटोचीला दिसलं होतं. तिची बोटं शिवशिवत होती. सगळ्या अंगाने तिला पुढे व्हायचं होतं, त्या मुलीच्या हातातून सुई ओढून घ्यायची होती. तिने बाळाचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं आणि तोंडाने सांगितलं, "दुसरी सुई घे. या हाताचं राहू दे, पायाला बघू. घाई करू नको. श्वास सोड आधी."

दुसऱ्या टोचणीला नळीत रक्त दिसलं. सिस्टरने चिकटपट्टी लावली, सलाईनचा थेंब सुरू केला आणि कपाळावरचा घाम बाहीला पुसला. बाळ हुंदके देत देत गप्प झालं.

आजीने त्याच्या हातावरचा निळा डाग बघितला. मग मान वर करून एकटोचीकडे बघितलं. ती रागावली होती आणि तिचा राग रास्त होता.

"तुमचं नाव ऐकून थांबलो होतो आम्ही," ती म्हणाली. "तुम्ही आधीच टोचलं असतं तर माझ्या लेकराला एकदाच दुखलं असतं. नुसत्या धरून उभ्या राहिलात."

सिस्टर मध्ये काहीतरी बोलायला गेली. फोन खाली ठेवून मेट्रनबाईही इकडेच येत होत्या. एकटोचीने सिस्टरला खुणेने थांबवलं. सबबी पुष्कळ होत्या. बाळ तापलेलं होतं, शिरा बारीक होत्या, नव्या मुलीला शिकवायचं होतं. आजीने त्यातली कुठलीही मान्य केली असती.

"आजी, ते नाव खरं होतं," ती म्हणाली, मेट्रनबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आता नाही. माझा हात थरथरायला लागलाय."

आजी तिच्या हाताकडे बघत राहिली. एकटोचीने तो खिशात घातला नाही.